छापावरचा वाघ आणि रानातला वाघ

मृग नक्षत्राच्या तोंडावर सोयगावच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानी येते. कपाशीचे बियाणे, आगपेटी, साबण, अगरबत्ती अशा कितीतरी वस्तू मागताना गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेत नाही. "शेठजी, वाघाचं चित्र असलेली पिशवी द्या," किंवा "मागच्या खेपेचीच हत्ती छाप द्या," एवढे म्हटले की पुरते. दुकानदारालाही अधिक विचारावे लागत नाही. नाव विसरते, चित्र विसरत नाही.

आपल्या व्यापारी पूर्वजांना हे मर्म फार पूर्वीच उमगले होते. अक्षरओळख थोड्यांनाच होती, त्या काळी मँचेस्टरच्या आणि मुंबईच्या गिरण्या कापडावर हत्ती, वाघ, मोर, देवदेवता यांची रंगीत चित्रे चिकटवीत. खेड्यातला ग्राहक ते चित्र पाहून कापडाची प्रत ओळखी. छाप म्हणजे मालकाचा शब्द होता. माल खोटा निघाला, तर वाघाचेच नाव खराब होई.

जगातील मोठमोठ्या क्रीडास्पर्धांनीही हीच युक्ती उचलली आहे. ऑलिंपिक असो, फुटबॉलचा विश्वचषक असो की आशियाई स्पर्धा, प्रत्येक वेळी एक बोधचिन्ह असते, एक घोषवाक्य असते आणि बहुधा एक गोजिरवाणा शुभंकर असतो. बोधचिन्ह कागदपत्रांवर मिरवते. शुभंकर मात्र मैदानात नाचतो, मुलांशी हस्तांदोलन करतो आणि खेळण्यांच्या रूपाने घरोघर जातो. हे शुभंकर बहुतांशी प्राणी असतात. म्हणूनच व्यापारी आणि त्यातही जीवदया मानणारा समाज या नात्याने एक प्रश्न आपल्या मनात उभा राहतो. ज्याचे रूप आपण छापासाठी उसने घेतले, त्या मुक्या जिवाच्या खात्यावर आपण काय जमा केले?

सिंह, कुत्रा आणि अस्वल

फुटबॉलच्या विश्वचषकाला पहिला शुभंकर लाभला तो १९६६ साली, इंग्लंडमध्ये. त्याचे नाव 'विली'. ब्रिटिश ध्वजाचा सदरा घातलेला हा सिंह रेग हॉय या चित्रकाराने काढला होता. सिंहाचे चित्र कपांवर, रुमालांवर, बाहुल्यांवर झळकले आणि संयोजकांना उमगले की खेळाच्या तिकिटांखेरीज चित्राच्या हक्कातूनही पैसा उभा राहतो. पुढच्या प्रत्येक विश्वचषकाने तोच मार्ग धरला.

ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर १९७२ च्या म्युनिक स्पर्धांत आला. 'वाल्डी' हा आखूड पायांचा, लांबट अंगाचा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा. तो ओट्ल आइशर यांच्या कल्पनेतून उतरला होता. त्याचे कौतुक इतके, की त्या वर्षीच्या मॅरेथॉन शर्यतीचा मार्गही नकाशावर वाल्डीच्या आकृतीसारखा दिसेल असा आखण्यात आला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील 'मिशा' अस्वल तर आजही अनेकांना आठवते. व्हिक्टर चिझिकोव्ह यांनी रेखाटलेले हे अस्वल समारोपाच्या दिवशी फुग्यांच्या आधाराने आकाशात झेपावले, तेव्हा मैदानातील प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी तरळले होते.

चित्राच्या अस्वलासाठी माणसाचे डोळे पाणावतात, ही त्या चित्राची ताकद आणि माणसाच्या हृदयाची कोवळीकही. परंतु चित्राशी जुळलेली ही माया चित्रामागच्या खऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जायला नको.

अप्पू आणि कुट्टीनारायणन

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी नवी दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचा प्रारंभ झाला. याच वर्षी आपल्या देशात दूरदर्शन रंगीत झाले होते. ज्यांच्या घरी संच होता, त्यांच्या ओसरीत सारी आळी जमे. स्पर्धेच्या बोधचिन्हात दिल्लीच्या जंतरमंतरची आकृती होती. पण मुलांच्या मनात ठसला तो शुभंकर, 'अप्पू' नावाचे हत्तीचे पिल्लू. वह्यांच्या मुखपृष्ठांवर, पेन्सिलींवर, टोप्यांवर, जिकडेतिकडे अप्पू. स्पर्धा संपल्यावरही त्याचे नाव राहिले. १९८४ साली दिल्लीत 'अप्पू घर' हे मनोरंजन उद्यान उघडले आणि ते पुढे सुमारे चोवीस वर्षे चालले.

या अप्पूचे एक सजीव रूपही होते. केरळातील तो लहानसा हत्ती. त्याचे खरे नाव कुट्टीनारायणन. वयाच्या सातव्या वर्षी तो सांडपाण्याच्या एका टाकीत पडला. त्याचा पाय मोडला आणि तो पाय पुढे कधीच पुरता बरा झाला नाही. साऱ्या देशाने ज्याचे चित्र उराशी धरले, तो हत्ती उरलेले आयुष्य अधू पायाने जगला आणि मे २००५ मध्ये मरण पावला. त्या सुमारास दिल्लीतल्या अप्पू घरात पाळणे फिरत होते, मुले आनंदाने किंचाळत होती.

यात कुणी एक दोषी होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. अपघात कुणाच्याही अंगणात होतो. परंतु छाप तेजीत आणि छापाचा धनी विस्मृतीत, असा हा व्यवहार पाहून आपले वहीखाते जाणणारे मन अस्वस्थ होते.

मैदानातील मुके जीव

क्रीडास्पर्धांच्या इतिहासात मुक्या जिवांनी याहून कठोर प्रसंगही सोसले आहेत. १९०० साली पॅरिसमध्ये भरलेल्या स्पर्धांत जिवंत कबुतरे उडवून त्यांच्यावर नेम धरण्याची शर्यत झाली. बेल्जियमच्या विजेत्याने एकवीस पक्षी पाडले. एकूण सुमारे तीनशे कबुतरे मारली गेली. ही शर्यत अधिकृत ऑलिंपिकमध्ये धरावी की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. समाधान एवढेच, की तशी शर्यत ऑलिंपिकमध्ये पुन्हा झाली नाही. नेमबाजांच्या पुढे मातीच्या तबकड्या आल्या आणि त्या तबकड्यांना आजही इंग्रजीत मातीची कबुतरेच म्हणतात.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये शांतीचे प्रतीक म्हणून पांढरी कबुतरे सोडण्यात आली. त्यांतील काही उडून ज्योतीच्या भव्य पात्राच्या काठावर जाऊन बसली. थोड्याच वेळाने ज्योत पेटवण्यात आली आणि जी उडू शकली नाहीत, ती जळाली. शांतीचे प्रतीक शांतीच्याच सोहळ्यात होरपळले. पुढे जिवंत कबुतरांची जागा कागदी व प्रतीकात्मक कबुतरांनी घेतली.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २० जून २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकची ज्योत ब्राझीलमधील मनाउस या शहरात पोहोचली. अॅमेझॉनच्या जंगलातील त्या शहरात ज्योतीशेजारी 'जुमा' नावाची जग्वार मादी साखळीने बांधून उभी केली होती. ब्राझीलच्या चमूचा शुभंकरही पिवळा जग्वारच होता. सोहळा आटोपल्यावर जुमा निसटली. तिला गुंगीचे औषध देण्याचा प्रयत्न झाला. तरीही ती एका सैनिकाच्या दिशेने गेली, तेव्हा तिला गोळी घालण्यात आली. साखळदंडातील वन्यजीव ज्योतीशेजारी उभा करणे ही आपली चूक होती, असे संयोजकांनी जाहीरपणे मान्य केले. चित्रातला जग्वार मात्र पुढे ऑगस्टमध्ये ठरल्याप्रमाणे नाचला.

बालेवाडीचा जिगर

महाराष्ट्रालाही असाच एक शुभंकर लाभला होता. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्याच्या बालेवाडी येथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरल्या. एडिंबरा आणि ऑस्ट्रेलियातील बेंडिगो यांच्यानंतरची ही तिसरी स्पर्धा. भारताने ३३ सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. या स्पर्धेचा शुभंकर होता 'जिगर' नावाचा वाघाचा बछडा. २०१० साली दिल्लीत व्हावयाच्या राष्ट्रकुल स्पर्धांचा शुभंकर 'शेरा' हाही वाघच. जिगर हा त्याचा धाकटा भाऊ, अशी त्याची ओळख करून देण्यात आली होती. छातीवर नाव लिहिलेला, दोन पायांवर धावणारा हा बछडा पुण्याच्या रस्त्यांवरील फलकांवर महिनोन् महिने हसत उभा होता.

त्याच २००८ सालच्या फेब्रुवारीत देशातील वाघांच्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. साऱ्या भारतात मिळून वाघांची अनुमानित संख्या निघाली अवघी १,४११. राजस्थानच्या सरिस्का अभयारण्यातील वाघ तर काही वर्षांपूर्वीच शिकारीमुळे पुरते नाहीसे झाले होते. बालेवाडीच्या फलकांवर, टोप्यांवर, पिशव्यांवर जितके जिगर छापले गेले, त्यांच्या मानाने रानात उरलेले वाघ मूठभरच म्हणावे लागतील.

सुदैवाने हा हिशेब तिथेच थांबला नाही. त्या १,४११ या आकड्याने देश हादरला. वनरक्षकांच्या गस्ती वाढल्या, गणनेची पद्धत सुधारली, जंगलातील गावांच्या पुनर्वसनाला वेग आला. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची अनुमानित संख्या ३,६८२ झाली. त्यांतील ४४४ महाराष्ट्रातले. आणि २०२१ साली तर आपल्याच दाराशी एक नवल घडले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या जिल्ह्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येऊन दाखल झाला. वनविभागाच्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र टिपले. कित्येक दशकांनंतर या रानात वाघाचे पाऊल उमटले होते. सोयगावच्या दक्षिणेला दिसणारी अजिंठ्याची डोंगररांग आणि गौताळ्याचे रान ही एकाच साखळीची कडी आहेत. पिशवीवरचा वाघ विकणाऱ्या आपल्या बाजारपेठेच्या पाठीशी खरा वाघ येऊन गेला, ही गोष्ट आपण किती जणांनी मुलांना सांगितली?

एका गोलाला हजार हेक्टर

व्यापारी माणसाला केवळ हळहळ पुरत नाही. तो विचारतो, मग हिशेब कसा फेडावा? याचे एक सुरेख उत्तर ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी सुचवले होते.

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर 'फुलेको' होता. 'फुटबॉल' आणि 'पर्यावरण' या अर्थाच्या दोन पोर्तुगीज शब्दांची सांगड घालून हे नाव घडवले होते. तीन पट्ट्यांचा आर्माडिलो हा कवचधारी प्राणी संकट आले की अंग मुडपून हुबेहूब चेंडूसारखा होतो. म्हणून त्याची निवड. पण हा प्राणी राहतो ते 'काटिंगा' नावाचे झुडपी रान झपाट्याने तुटत आहे आणि आर्माडिलोही धोक्यात आहे. शास्त्रज्ञांनी जाहीर मागणी केली की विश्वचषकात जितके गोल होतील, त्या प्रत्येक गोलामागे काटिंगाचे एक हजार हेक्टर रान राखून ठेवावे. स्पर्धेत एकूण १७१ गोल झाले. म्हणजे १ लाख ७१ हजार हेक्टर. ही मागणी कागदावरच राहिली. फुलेकोची खेळणी मात्र दुकानांत पोहोचली.

ही मागणी वाचून आपल्या वडीलधाऱ्यांना नवे काही वाटणार नाही. 'प्रत्येक गोलामागे इतके' हे सूत्र म्हणजे आपल्या पेढ्यांवरील धर्मादायच. दर पोत्यामागे, दर गाठीमागे, दर शेकड्यामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून धर्मादाय खात्यात जमा करण्याची रीत आपल्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्याच पैशांतून धर्मशाळा बांधल्या गेल्या, पाणपोया चालल्या आणि पांजरपोळ उभे राहिले. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. त्याच्या उभारणीत जैन आणि पारशी व्यापारी खांद्याला खांदा लावून उभे होते. नफा मोठा झाल्यावर दान करू, असे त्यांनी म्हटले नाही. व्यवहार झाला की त्याच क्षणी जिवाचा वाटा वेगळा काढला.

जगात याला दुसरेही एक चांगले उदाहरण आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीने पांडाचे चित्र आपले बोधचिन्ह म्हणून घेतले. त्या चित्राने गोळा केलेल्या पैशांचा ओघ वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळला. पांडाची रानेही त्यात आली. चीन सरकारने बांबूची रानेही राखली. २०१६ साली पांडाची नोंद अतिधोक्याच्या यादीतून एक पायरी खाली, कमी धोक्याच्या गटात आली. छाप आणि छापाचा धनी दोघांचे भले एकाच वेळी होऊ शकते, याचा हा दाखला.

पीठावरील लांछन

आपल्याला तर प्राण्याच्या खुणेचा अर्थ मंदिरातच शिकवला जातो. कचनेरला श्री चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो की सर्पाची खूण आपण ओळखतो. पैठणला श्री मुनिसुव्रतनाथांच्या पीठावर कासव असते. अजितनाथांचा हत्ती, शांतिनाथांचे हरिण, महावीरांचा सिंह. दिल्लीचा अप्पू, इंग्लंडचा विली हे सारे जीव आपल्या पीठांवर आधीपासून बसलेले आहेत. तिथे त्या जिवाला कुणी नाचवत नाही, विकत नाही. ज्यांच्यापासून त्याला कसलेही भय नाही, त्यांच्या चरणांशी तो निवांत आहे. खूण कशी बाळगावी, याचा याहून सोपा धडा कोणता?

तेजस, तारा आणि आपली विहीर

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मराठी मातीतला हा खेळ. त्याचे नियम पुण्यात घडले. त्याचे शुभंकर होते 'तेजस' आणि 'तारा' ही चपळ हरणांची जोडी. भारताच्या महिला संघाने प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असे, तर प्रतीक वाईकर याच्या पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवून दोन्ही चषक जिंकले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. उन्हाळ्यात आपल्या तालुक्याच्या शिवारात जी हरणे पाण्याच्या शोधात उतरतात, ती तेजस-तारांची भाऊबंदच म्हणायची.

त्या हरणांचे रात्रीच्या अंधारात सर्वांत मोठे संकट कोणते, हे शेतकऱ्यांना विचारावे. कठडा नसलेली उघडी विहीर. पाण्याच्या वासाने आलेले हरिण, रानडुक्कर, कधी बिबट्याही, अशा विहिरीत पडतो. पडलेला प्रत्येक जीव वेळेवर दिसतोच असे नाही. कुट्टीनारायणनचा पाय ज्या टाकीने मोडला, तशाच टाक्या आणि विहिरी आपल्या रानोमाळ उघड्या आहेत. एका विहिरीला कठडा बांधायला किंवा वर जाळी टाकायला फार मोठी रक्कम लागत नाही. थोडे सिमेंट, थोड्या विटा, एका गवंड्याची दोन दिवसांची मजुरी.

येत्या दिवाळीला वहीपूजन कराल, तेव्हा आपल्या दुकानातल्या मालावर एकदा नजर फिरवा. किती पिशव्यांवर वाघ आहे, किती डब्यांवर हत्ती, किती पुड्यांवर हरिण, ते मोजा. मग 'शुभ-लाभ' लिहिलेल्या पानानंतर एक ओळ जीवदया खात्याची घाला आणि त्या वर्षी निदान एक उघडी विहीर झाकण्याचा संकल्प करा. ज्या शेतकऱ्याला बियाणे विकतो, त्याच्याच विहिरीपासून सुरुवात झाली तर उत्तमच. पुढल्या मृगाला तो दुकानात येऊन नेहमीप्रमाणे वाघाच्या छापाची पिशवी मागेल, तेव्हा त्याच्या हाती पिशवी देताना त्या विहिरीचीही चौकशी करता येईल.